एकोणीस प्रश्नांचा कागद

लग्नं जुळवण्याच्या धंद्याला भांडवल फारसं लागत नाही. एक टेबल, चार खुर्च्या, वह्या आणि अंगात मुरलेला संशय. टेबल-खुर्च्या मी धुळ्याच्या आमच्या गल्लीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मांडल्या, वह्या वर्षागणिक वाढत गेल्या, आणि संशय मी माहेरूनच आणला होता. माझी आई कोथिंबिरीची जुडी विकत घेण्याआधी दोरा सोडून आतून बघायची. मी अठ्ठावीस वर्षं माणसांचं तेच केलं. मागच्या वर्षी वधू-वर सूचक केंद्राची पाटी उतरवली. का, असं कुणी विचारलं की मी गुडघ्यांचं कारण सांगते.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितलं आहे. तसे पुष्कळ आहेत, त्यातले एकदोन सांगतेही. पण एक गमतीदार नाही, आणि तो वगळून बाकीचे लिहिले तर ती माझ्या हातून आणखी एक लबाडी होईल.

आधी धंदा समजावून सांगते. लोकांना वाटतं, आमचं काम फोटो दाखवायचं. फोटो कुणीही दाखवतो. आमचं खरं काम चौकशी. परिचयपत्रात मुलाचा ‘स्वतःचा व्यवसाय’ असेल तर तो काय, कुठे आणि दुकानाचं शटर शेवटचं कधी उघडलं, हे बघून यायचं. ‘मुलगी घरकामाची आवड असणारी’ म्हणजे बहुधा शिक्षण अर्धवट सुटलेलं. ‘मुलाचा स्वभाव शांत’ असं आईने मुद्दाम सांगितलं तर मी पहिल्यांदा गल्लीतल्या पानटपरीवर जायची. कळवून मी कधीच कुणाकडे गेले नाही. कळवून गेलं की घर धुतलेलं आणि माणसं पढवलेली सापडतात. इस्त्रीवाला, किराणावाला आणि समोरच्या घरातली म्हातारी, एवढी तीन माणसं भेटली की मला त्या घरात जायचीही गरज पडत नसे.

एकदा शिरपूरकडच्या एका मुलाने धुळ्यात फ्लॅट दाखवला. दोन खोल्या, नवा सोफा, सगळं झकास. बोलता बोलता अंधारून आलं. मी म्हटलं, जरा दिवा लावता का? मुलगा उठला आणि भिंतीवर बटण शोधायला लागला. चार भिंती झाल्या, बटण सापडेना. फ्लॅट मित्राचा निघाला. दुसऱ्या एका घरात भिंतीवर इंजिनिअरची पदवी लावली होती. मी चष्मा लावून जवळ गेले तर तिच्यावर नाव काकाचं. असल्या गोष्टींमुळे माझं नाव झालं. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, कुठूनही लोक यायचे आणि म्हणायचे, अक्कांनी बघितलं म्हणजे बघितलं. ते ऐकायला मला फार आवडायचं.

आता माझी एक खूण सांगते. मुलाशी बोलताना तो डोळ्याला डोळा देत नसेल, तर वहीत त्याच्या नावापुढे फुली. काहीतरी लपवतो आहे, असं मी समजायची. काय ते सापडलं नाही की संशय आणखी वाढायचा. आणि मुलगी डोळ्याला डोळा देत नसेल, तर तिच्या नावापुढे चांदणी. वळण चांगलं, घरंदाज. खाली गेलेली नजर दोन्हीकडे सारखीच असते, ती मुलात खोटी आणि मुलीत खानदानी कशी होते, हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांत एकदाही पडला नाही.

कल्याणीच्या नावापुढे मी दोन चांदण्या काढल्या होत्या.

ती दोंडाईच्याची. वडील शाळेतून निवृत्त झालेले कारकून, त्यांना सगळे नाना म्हणत. आई विमलताई. मुलगी सव्वीस वर्षांची, बी. ए. झालेली, उंच, सावळी. मी न कळवता गेले तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती, एका रंगाचे सगळे चिमटे संपल्यावर मगच दुसऱ्या रंगाचे. मला वाटलं, काय टापटीप आहे. घरात सगळे अहिराणी बोलत होते आणि ती पुस्तकातल्यासारखी शुद्ध बोलत होती. मला वाटलं, काय अभ्यासू आहे. माझ्याकडे तिने एकदाही नीट पाहिलं नाही. मला वाटलं, आजकाल असं वळण राहिलंय कुठे.

एक गोष्ट मात्र खटकली. वयाच्या मानाने दहावी दोन वर्षं उशिरा झालेली होती. विमलताई म्हणाल्या, कावीळ झाली होती. दोन वर्षं कावीळ? एरवी मी डॉक्टरचं नाव विचारलं असतं आणि त्या डॉक्टरच्या कंपाउंडरलाही भेटून आले असते. पण मला ती मुलगी आवडली होती, आणि जळगावच्या मेहरूणमधलं एक स्थळ माझ्या डोळ्यांपुढे होतं. मुलगा निलेश, पाइपांच्या कारखान्यात माल तपासण्याच्या कामावर. घरात फक्त आई, इंदूबाई. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं की चुरूचुरू बोलणारी सून नको. मी काविळीवर विश्वास ठेवला.

बघण्याच्या आदल्या दिवशी मी दोंडाईच्याला गेले. मुलींची तयारी करून घेणं हेही आमच्याच कामात येतं. कल्याणी म्हणाली, "ते काय विचारतील ते मला लिहून द्या. मला अचानक विचारलेलं येत नाही."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्याच मुली घाबरतात. मी वहीचं पान फाडलं आणि माझ्या हाताने एकोणीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून दिली. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाकात काय काय येतं, आवड कशाची, एकत्र कुटुंबात राहायला आवडेल का. काही उत्तरांपुढे कंसात लिहिलं, ‘इथे थोडं हसायचं.’ तिने कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "किती थोडं?"

मला हसू आलं. मी हसून दाखवलं. तिने तसंच्या तसं हसून दाखवलं. मी म्हटलं, "पाठ केलंस की भीती वाटत नाही बघ."

"माझेही तीन प्रश्न आहेत त्यांना," ती म्हणाली. "ते कुठे लिहू?"

"मुलीने विचारायचं नसतं गं. फारच वाटलं तर कागदाच्या मागे लिही आणि विसरून जा."

तिने खरोखरच कागद उलटा केला आणि मागे लिहायला बसली. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. मला बस गाठायची होती.

बघण्याचा कार्यक्रम असा झाला की मी स्वतःवरच खूश होते. एकोणीसपैकी चौदा प्रश्न आले आणि चौदा उत्तरं कागदासारखी आली. हसायचं तिथे ती हसली. मध्येच स्वयंपाकघरात कुणाच्या हातून स्टीलच्या ताटांची चळत पडली, तेव्हा तिने दोन्ही हातांनी कान दाबून डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मी पटकन म्हटलं, "लाजली." सगळे हसले. निघताना इंदूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोरनी मान वर करी नही, अक्का. आशीच जोयजे व्हती." त्यांना हवी होती तशीच सून मिळाली होती.

लग्नाला आठ महिने झाले आणि इंदूबाईंचा फोन आला. "तुम्ही या. आते या." कारण सांगेनात. फोनवर कारण न सांगणारी सासू म्हणजे घरातलं प्रकरण नाजूक, एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून पारोळा, एरंडोल करत दुपारी साडेबाराला मी मेहरूणमध्ये त्यांच्या दारात उभी राहिले.

इंदूबाईंनी मला बोलू दिलं नाही. हात धरून मागच्या खोलीच्या बंद दाराशी नेलं आणि कान लावायला खुणावलं. मी कान लावला. आत कल्याणी बोलत होती. शब्द नीट कळत नव्हते, पण सूर गप्पांचा होता. थोडं बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. मग हसली.

"दखा," इंदूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "हासस. एकटं मानूस आसं हासस का? रोज दुपारले एक घंटा दार लाई लेस. मझार कोनसंगे बोलस?"

आत ही कुणाशी बोलते, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. कल्याणीचा मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. मी तिकडे बोट दाखवलं.

"मंग दुसरा व्हई," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा विचार आधीच करून ठेवला होता.

लपवून काय फायदा, मलाही तसंच वाटलं. सव्वीस वर्षांची मुलगी, बंद दार, ते हसणं. असली दारं मी पुष्कळ पाहिली होती. माझ्या मनात कल्याणीची काळजी नव्हती, दोंडाईच्याच्या लोकांनी मला फसवलं याचा राग होता. ती कावीळ आठवली. ती दोन वर्षं कोणासाठी गेली असतील याचं एक अख्खं चित्र मी तिथल्या तिथे उभं केलं.

दार उघडून ती बाहेर आली, मला पाहून दचकली. पाणी दिलं नाही, या म्हटलं नाही, नुसती भिंतीला टेकून उभी राहिली. इंदूबाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्यांनी माझ्यासमोर खोलीतली गादी उलटली, कपाट रिकामं केलं, तांदळाच्या डब्यात हात घातला. कागदांनी भरलेली एक कापडी पिशवी चाचपून बाजूला टाकली. दुसरा फोन सापडला नाही. न सापडल्याने त्यांची खात्रीच झाली.

त्याच दिवशी नानांना बोलावून तिला माहेरी पाठवलं. आठ दिवसांनी बैठक ठरली. बोलणारा कोण ते मुलीने सांगायचं, नाहीतर सोडचिठ्ठी. आणि सोडचिठ्ठी कुठल्या कारणावरून झाली ते आमच्याकडे चार तालुक्यांत कळायला चार दिवस पुरतात. त्या मुलीला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. असल्या बातम्या पसरवण्याच्या धंद्यात मी स्वतःच होते, म्हणून मला हे पक्कं ठाऊक होतं.

निलेश त्या सगळ्यात काय म्हणाला? काहीच नाही. कामावरून आला, रिकाम्या खोलीत जाऊन बसला. मी त्याच्या नावापुढेही मनात एक फुली मारली.

तीन दिवसांनी मी दोंडाईच्याला गेले, अर्थात न कळवता. मला माझं नाव वाचवायचं होतं. बैठकीत ‘त्यांनी माझ्यापासून लपवलं’ असं म्हणायला काहीतरी हातात हवं होतं. विमलताई शेजारी गेल्या होत्या. कल्याणी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी सरळच विचारलं, "कुणाशी बोलत होतीस दुपारी?"

"पाहुण्यांशी."

"कुठले पाहुणे?"

"संध्याकाळचे. ते अजून आलेले नसतात."

मला वाटलं, ही मला खेळवते आहे. मी आवाज चढवला. तिने कान दाबले नाहीत, पण उठून आत गेली. संपलं, मी म्हटलं, आता ही बोलणार नाही. तेवढ्यात कल्याणी तीच कापडी पिशवी घेऊन बाहेर आली आणि तिने ती माझ्यापुढे उलटी केली.

आत कागद होते. पाठकोरे, वहीचे, कॅलेंडरच्या मागचे. प्रत्येकावर मथळा. ‘काकू आल्यावर.’ ‘शेजारच्या भाभी डबा परत द्यायला आल्या तर.’ ‘डोहाळजेवणात.’ ‘सासूबाईंनी भाजी कशी झाली विचारल्यावर.’ ‘निलेश गप्प असतील तर.’ प्रत्येकाखाली समोरचा काय म्हणेल आणि आपण काय म्हणायचं, असं ओळीने. आणि सगळ्यांच्या तळाशी, घडीवर झिजलेलं, माझं पान. माझं अक्षर. कंसात, ‘इथे थोडं हसायचं.’

दाराआडचं ते हसू मी ओळखायला हवं होतं. मीच शिकवलेलं होतं ते.

"तुम्हीच म्हणाला होता ना," कल्याणी म्हणाली, "पाठ केलं की भीती वाटत नाही. म्हणून मी रोजचं पाठ करते. आधी थोडा वेळ फरशीवर कान टेकून पडते, कारण दुपारपर्यंत कुकर, मिक्सर आणि टीव्हीने माझं डोकं भरलेलं असतं. मग संध्याकाळची तयारी करते. दार लावते, कारण असं एकटीने बोलताना पाहिलं की लोक वेडी म्हणतात. शाळेत म्हणाले होते."

"मग त्या दिवशी सासूबाईंना हे सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी आदल्या दिवशीच ‘कुणाशी बोलतेस’ असं विचारलं होतं. मी कुणाशीच बोलत नव्हते. तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, खोटं बोलते."

मी विचारलं, तुला परत जायचंय का तिथे. ती शेंगांची टरफलं एका ओळीत लावत राहिली. "हो," ती म्हणाली. "तिथली गच्ची चांगली आहे. आणि निलेश कारण नसताना बोलत नाहीत. मला ते आवडतात."

तेवढ्यात विमलताई आल्या. समोर पसरलेले कागद पाहून त्या दारातच बसल्या आणि मी न विचारता बोलायला लागल्या. मुलगी चार वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती. घड्याळाचे काटे आणि आकड्यांचा हिशोब तिला आजही जमत नव्हता. दहावीच्या गणितात दोनदा राहिली, ती दोन वर्षं म्हणजे कावीळ. ती दहा वर्षांची असताना धुळ्याच्या एका डॉक्टरांनी एक नाव सांगितलं होतं, पुढे तपासायला बोलावलं होतं. नाना पुन्हा गेले नाहीत.

"लपवलंत तुम्ही," मी म्हटलं.

"लपवलं," विमलताई म्हणाल्या. "ते नाव आम्ही सांगितलं असतं तर तुम्ही वहीत चांदणी काढली असती का, अक्का?"

वहीतल्या चांदण्यांची गोष्ट माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं मला वाटत होतं. चार तालुक्यांना माहीत होती. माझं पान तेवढं उचललं, पर्समध्ये ठेवलं आणि बस पकडली.

बैठक मेहरूणलाच झाली. सतरंजीवर एका बाजूला इंदूबाई आणि निलेशचे काका, ज्यांना सगळे आबा म्हणत. दुसऱ्या बाजूला नाना, विमलताई आणि त्यांच्या मागे कल्याणी. निलेश खिडकीपाशी. मी मध्ये. पर्स मांडीवर, पर्समध्ये कागद. मी ठरवून आले होते की सगळं सांगायचं.

आबांनी मला पहिलाच प्रश्न विचारला. "अक्का, तुम्ही चौकशी करेल व्हती. तव्हय काही दखायनं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अठ्ठावीस वर्षांचं नाव त्या सतरंजीवर होतं. मी म्हणाले, "माझ्या चौकशीत तसं काही आढळलं नव्हतं."

वाक्य खरं होतं. इतकं लबाड खरं मी आयुष्यात बोलले नव्हते. नानांची मान खाली गेली, कारण आता सगळं त्यांच्यावर आलं होतं. पर्स मी उघडली नाही.

"अक्का," मागून कल्याणी म्हणाली, "तुम्ही मला कागद दिला होता ना? एकोणीस प्रश्नांचा. तुम्ही तो त्या दिवशी घेऊन गेलात. तो मला परत हवा आहे."

ती माझ्यावर आरोप करत नव्हती. तिला तिचा कागद हवा होता, एवढंच. पण आता न काढून चालणार नव्हतं. मी कागद काढला आणि जे बोलायला आले होते ते बोलले, वाईट बोलले, अडखळत बोलले. सराव, पाहुणे, फरशी, हसू.

आबांना ते पटलं नव्हतं. "म्हनजे त्या दिनले बठ्ठं पाठ करेल व्हतं? मंग खरी पोर कोनती?"

निलेश खिडकीपासून उठला. माझ्या हातातून त्याने कागद घेतला, वाचला, उलटा केला. मागच्या बाजूला निळ्या शाईत कल्याणीचं गोल, शाळकरी अक्षर होतं. तो उभ्यानेच मोठ्याने वाचायला लागला.

"एक. तुमच्या घरात मिक्सर किती वाजता लावतात?"

आबांना वाटलं, तो चेष्टा करतोय. निलेश चेष्टा करत नव्हता. त्याने जरा आठवलं आणि कल्याणीकडे न बघता उत्तर दिलं, "सव्वासातला. कधी कधी साडेसातला."

"कधी कधी म्हणजे कधी?" कल्याणीने विचारलं.

"रविवारी."

"रविवारी साडेसात," ती म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले.

"दोन. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगतात का?" निलेशने कागद खाली केला. "नाही सांगत. मला कळलं तर मी सांगत जाईन."

"तीन. दुपारी एक तास दार लावून एकटं बसलं तर चालेल का?"

त्याने आईकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. इंदूबाई सतरंजीची दशी ओढत बसल्या होत्या.

"इतलंच व्हतं तं आधी इचारं का नही?" त्या म्हणाल्या.

"अक्का म्हणाल्या, मुलीने विचारायचं नसतं," कल्याणी म्हणाली.

आता सगळे पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. मी मान वर केली नाही.

इंदूबाईंनी दशी सोडली. "कडी लाऊ नको. नुसतं लोटी ले."

"नुसतं लोटलं तर ते वाऱ्याने उघडतं," कल्याणी म्हणाली.

ते खरं होतं. त्या दाराची चौकट वाकडी होती. इंदूबाईंनी दाराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग पदर कमरेला खोचून उठल्या. "मंग मी बठसू भायेर," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या आवाजात माया वगैरे मला ऐकू आली नाही. आठ महिने त्या दाराला कान लावून बसलेली बाई तिथेच बसणार होती. ती राखण करणार की पहारा देणार, हे मी त्या दिवशी ठरवू शकले नाही. मी आहेच तशी.

पुढे निलेश तिला जळगावातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं जे विमलताईंनी सोळा वर्षांपूर्वी ऐकलं होतं. ऑटिझम, आणि सोबत आकडे शिकण्यातली अडचण. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात असं कळलं. शब्द कुणी केला माहीत नाही, पण तो मला पटत नाही. ही मुलगी स्वतःत कुठे मग्न होती? ती दिवसभर आमच्यातच बुडालेली होती. आम्ही काय म्हणू, कधी हसू, कशाने रागावू, याचे कागद लिहीत होती. मग्न आम्हीच होतो.

घरी येऊन मी वह्या काढल्या. ‘नजर देत नाही’ असं लिहून फुली मारलेली मुलांची नावं मोजायला बसले आणि मध्येच सोडून दिलं. त्यातले लबाड किती आणि नुसते घाबरलेले किती, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. आणि ती फुली वहीत राहत नसे. दुसरे मध्यस्थ मला विचारायचे, मी एवढंच म्हणायची, "काहीतरी आहे." काय आहे ते मलाही माहीत नसायचं. फैजपूरचा एक मुलगा होता, केळीच्या रोपांच्या नर्सरीत कामाला. माझ्याशी तासभर फक्त रोपांना पाणी किती द्यायचं ते बोलला, टेबलाच्या कडेकडे बघत. तिथेही मी तेच म्हणाले होते. त्याचं पुढे काय झालं, ते विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

बैठकीनंतर काही महिन्यांनी मी मेहरूणला गेले. आयुष्यात पहिल्यांदा आदल्या दिवशी फोन करून, वेळ सांगून गेले. फोन निलेशने घेतला होता. तरी बस लवकर पोचली आणि मी वेळेच्या अर्धा तास आधी दारात. सवय जात नाही, न ठरवताही माणूस चोरपावलांनीच येतो.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दाराला पाठ टेकून इंदूबाई जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात ताटात मटकीची डाळ निवडायला घेतलेली. टीव्ही बंद होता. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा जराशा," त्या पुटपुटल्या. "तुमनीच तयारी चालू शे."

मी चप्पल हातात घेऊन त्यांच्याशेजारी बसले. आतून आवाज येत होता.

"या अक्का. बसा." मग शांतता. "पाणी घेणार की चहा?" शांतता. मग ते हसू, जरासं, बरोबर जेवढं शिकवलं होतं तेवढं. आणि मग थोडं थांबून, जपून, "तुम्ही केंद्र का बंद केलं?"

इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ऐकायचं होतं बहुधा. बाकी सगळ्यांना सांगते ते गुडघ्याचं कारण जिभेवर आलं, पण या मुलीला सांगितलेलं ती खरं धरते आणि लिहून ठेवते. दार उघडायला अजून वीस मिनिटं होती. मी भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात माझं उत्तर पाठ करायला लागले.